दार हळू लावा!

तुमच्या घरातली सगळ्यात जुनी, पण आजही रोज वापरात असलेली वस्तू कोणती?

हा प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारला होता. भराभर हात वर झाले. पाणी तापवायचा तांब्याचा बंब, आजीचं शिवणयंत्र, पाटा-वरवंटा, पणजोबांचा सागवानी पलंग... एक जण म्हणाला, "बाई, आमची पणजी!" वर्ग खो-खो हसला. पण मोटार कुणीच सांगितली नाही. कशी सांगणार? आपल्याकडे मोटार पंधरा-वीस वर्षांची झाली की ती भंगारात निघते.

आज मात्र आपण अशा एका शहरात जाणार आहोत, जिथं सत्तर वर्षांची मोटार सकाळी उठून कामावर निघते. दिवसभर माणसं वाहते, रात्री घरी येते आणि मालक हातात पाना घेऊन तिच्या पोटाखाली शिरतो. अशी एखादी गाडी नव्हे बरं का, हजारो गाड्या! पासपोर्ट नको, तिकीट नको. नकाशाची वही तेवढी जवळ घ्या.

अमेरिकेचा नकाशा काढा. खाली उजव्या कोपऱ्यात फ्लोरिडा नावाचं राज्य शेंगेसारखं समुद्रात लोंबतंय, दिसलं? त्याच्या टोकाशी की वेस्ट नावाचं छोटं बेट. तिथून बोट सरळ खाली आणली की एक लांबुडकं, मगरीच्या आकाराचं बेट लागतं. तो क्युबा देश. मगरीच्या पाठीवर, उत्तरेच्या किनाऱ्यावर आहे राजधानी हवाना. की वेस्ट ते हवाना अंतर किती? सुमारे एकशे सत्तर किलोमीटर. म्हणजे आपल्या मुंबई-पुण्यापेक्षा थोडंसंच जास्त! फरक एवढाच की मध्ये बोरघाटाऐवजी समुद्र आहे.

एवढ्या जवळ असल्यावर अमेरिकेतल्या वस्तू क्युबात येणारच. एक काळ असा होता की की वेस्टहून फेरीबोटी मोटारी पोटात घेऊन हवानाच्या बंदरात यायच्या. शेव्हरोले, फोर्ड, ब्यूक, पॉन्टियाक, डॉज, प्लिमथ, कॅडिलॅक. अमेरिकेत नवं मॉडेल निघालं की थोड्याच दिवसांत ते हवानाच्या रस्त्यावर दिसायचं.

आणि काय थाट असायचा त्या गाड्यांचा! लांबीला आपल्या आजच्या छोट्या गाड्यांच्या दीडपट. समोर चकचकीत क्रोमचं हसरं तोंड. ब्यूकच्या बाजूला बोटीसारखी गोल गोल भोकं. आणि मागं चक्क पंख! हे पंख आले कुठून माहीत आहे? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं पी-३८ नावाचं जुळ्या शेपटांचं लढाऊ विमान होतं. जनरल मोटर्स कंपनीचे रचनाकार हार्ले अर्ल यांच्या मनात ते विमान बसलं आणि १९४८ च्या कॅडिलॅकला मागं छोटेसे पंख फुटले. मग सगळ्याच कंपन्यांना पंखांचं वेड लागलं. दरवर्षी पंख वाढायला लागले. १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख तर इतके उंच झाले, की आता ही उडते की काय असं वाटावं. त्या पंखांचा उडायला काडीचा उपयोग नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

मग दरवर्षी ते बदलायचे कशाला? यातच सगळी मेख आहे. या कंपन्यांचं धोरणच असं होतं, की दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं. म्हणजे शेजाऱ्याच्या दारात नवं मॉडेल उभं राहिलं की आपली चांगली चालणारी गाडी आपल्यालाच जुनाट वाटायला लागते. दोन-तीन वर्षांत ती विकायची, नवी घ्यायची. लवकर जुनी वाटावी म्हणूनच जिला नटवली होती, तीच गाडी हवानात सत्तर वर्षं चालली आहे. ही गंमत जरा लक्षात ठेवा.

असं झालं तरी कसं? १ जानेवारी १९५९ ला क्युबात क्रांती झाली. बातिस्ता हा हुकूमशहा पळून गेला आणि फिडेल कॅस्ट्रो यांचं सरकार आलं. नव्या सरकारनं अमेरिकन कंपन्यांचे कारखाने, जमिनी, तेल शुद्धीकरणाचे कारखाने ताब्यात घेतले. अमेरिका चिडली. ऑक्टोबर १९६० मध्ये तिनं क्युबाला अन्न आणि औषधं सोडून बहुतेक सगळा माल पाठवणं बंद केलं. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. कोण बरोबर, कोण चूक, यावर मोठी माणसं आजही भांडतात. आपल्यापुरतं एवढंच, की नव्या मोटारींची वाट बंद झाली. आणि मोटारींपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग बंद झाले. आज ज्याची गाडी बिघडली, त्यानं उद्या भाग आणायचा कुठून?

चला, आता गाडीत बसू या. त्याशिवाय समजायचं नाही.

हवानाच्या मध्यभागी कॅपिटोलिओ नावाची घुमटाची भव्य इमारत आहे, १९२९ मध्ये पुरी झालेली. तिच्या शेजारच्या फ्रातेर्निदाद बागेपाशी शेअर टॅक्सी मिळतात. अगदी आपल्या वडापसारख्या. ठरलेला रस्ता, गाडी भरली की निघायची, वाटेत हात केला की थांबायची. या गाड्यांना तिथं म्हणतात 'आल्मेन्द्रोन'. स्पॅनिश भाषेत 'आल्मेन्द्रा' म्हणजे बदाम, आणि 'आल्मेन्द्रोन' म्हणजे भला थोरला बदाम! गाडीचा फुगीर, गोलसर आकार बघा, नाव पटेल. आणि ही टॅक्सी चालवणाऱ्याला म्हणतात 'बोतेरो', म्हणजे नावाडी. मला हा शब्द फार आवडला. या काठावरून त्या काठावर माणसं पोचवतो तो नावाडी.

तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून हातानं, बोटानं दिशा दाखवता. कुठं जायचं ते बोटावरूनच चालकाला कळतं. एक निळी शेव्हरोले करकचून थांबते. तुम्ही दार उघडून आत बसता आणि आपल्या जीपचं दार लावतो तसं धाडकन लावून घेता.

झालं! चालक मागं वळून असा बघतो, जसं काही तुम्ही त्याच्या लेकराला चापट मारली. हवानात या टॅक्सीत बसणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा मिळतो तो हाच: दार हळू लावा. कारण हे दार त्याच्या वडिलांनी, कदाचित आजोबांनी दुरुस्त केलंय. बिजागरी तीनदा बदललीय. खालचा पत्रा गंजून गेला म्हणून दुसऱ्याच कुठल्या पत्र्याचा तुकडा कापून जोडलाय. काच आत पट्टीवर तोललीय. दिवसातून शंभर वेळा हे दार उघडतं आणि मिटतं. शंभर जणांनी आपटलं तर ते किती दिवस टिकेल, करा हिशेब!

आता आत बघा. पुढची सीट बाकासारखी सलग आहे. चालकाच्या शेजारी दोघं आरामात बसतात, कारण गिअरचा दांडा मध्ये जमिनीवर नाही, तो स्टेअरिंगच्या खांबालाच बसवलेला आहे. समोरच्या फळीवर वेग दाखवणारी तबकडी दिमाखात आहे, काटा मात्र बहुधा शून्यावर झोपलेला. आणि त्या जुन्या फळीतच कुठंतरी पेन ड्राइव्ह लावायचा नवा कोरा रेडिओ ठणाणा वाजतोय.

गाडी नेप्तुनो रस्त्यानं निघाली. दोन्ही बाजूंना रंग उडालेल्या उंच इमारती, गच्चीत वाळणारे कपडे. उजव्या हाताच्या गल्ल्यांतून मधूनच निळं चमकतं, तो समुद्र. तिथं मालेकोन नावाचा किनाऱ्याचा रस्ता आहे, सुमारे आठ किलोमीटर लांब, कडेला दगडी कठडा. आपल्या मरीन ड्राइव्हचा थोरला भाऊच म्हणा ना. हिवाळ्यात उत्तरेकडून वारं सुटलं की लाटा कठड्यावरून उडून रस्त्यावर येतात. बघायला छान दिसतं. पण गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण खारं पाणी म्हणजे लोखंडाचा काळ. कोकणातल्या मुलांना हे सांगायला नकोच. पावसाळ्यानंतर सायकलची साखळी कशी होते, ते त्यांना पाठ आहे. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड गंजतं, आणि त्यात मीठ असेल तर गंज दुप्पट जोरानं धावतो. म्हणून मालेकोनवर फेरी झाली की गोड्या पाण्यानं गाडी धुवायची, चाकांच्या वरच्या खोबणीत आणि बुडाखाली सुद्धा.

आता कान द्या. काही खटकतंय का? एवढी राजबिंडी गाडी, पण आवाज कसला येतोय? खडखड-खडखड-खडखड... हा तर टेम्पोचा आवाज!

बरोबर ओळखलंत. बॉनेटखाली डिझेल इंजिन आहे, आणि ते शेव्हरोलेचं नाहीच मुळी!

मूळ इंजिन सहा किंवा आठ सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. दणकट, पण खादाड. शहरातल्या गर्दीत काही गाड्या लिटरला पाच-सहा किलोमीटर सुद्धा कष्टानं जायच्या. अमेरिकेत तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं, कुणी फिकीर केली नाही. टॅक्सी चालवून पोट भरायचं तर असं इंजिन परवडत नाही. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांत ते झिजलेलं, आणि त्याचे भाग मिळत नाहीत. मग हवानाच्या मिस्त्री लोकांनी जे हाती लागेल ते बसवलं. कुणाच्या गाडीत रशियन व्होल्गाचं इंजिन, कुणाच्या गाडीत प्युजोचं, मर्सिडीजचं, टोयोटाचं, ह्युंदाईचं. बोटीचं इंजिन बसवलेल्या गाड्या सुद्धा आहेत. म्हणजे नावाडी हे नाव तिथं अगदीच शोभतं!

तुम्ही म्हणाल, असं कुठलंही इंजिन कुठल्याही गाडीत कसं बसेल? आजच्या गाडीत नाहीच बसणार. आजच्या गाडीचं इंजिन, गिअर, ब्रेक, सगळं संगणकाच्या तारांनी एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि जागा इतकी कमी की हात घालायला वाव नाही. त्या जुन्या अमेरिकन गाड्यांचं तसं नव्हतं. त्यांची रचना आपल्या बैलगाडीच्या जवळची. बैलगाडीला खाली मजबूत साटा असतो, त्यावर वरचं काहीही बसवा. तशी या गाड्यांना खाली पोलादाची जाड चौकट असायची, तिला चेसिस म्हणतात. चाकं, पाटे, इंजिन, सगळं या चौकटीला जोडलेलं. वरचा सुंदर पत्र्याचा सांगाडा बोल्टांनी त्यावर आवळलेला. बोल्ट काढले की वरचा भाग अख्खा उचलून बाजूला ठेवता येतो. आणि बॉनेटखाली जागा केवढी? लहान मूल आत उभं राहील एवढी! संगणक नाही, सेन्सर नाही. जे काही आहे ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं आणि पान्यानं खोलता येतं.

तरी काम सोपं नाही हं. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायचं तर दोन्हींची भोकं जुळत नाहीत. मग मध्ये पोलादाची जाड तबकडी घालायची, तिला एका बाजूनं एका मापाची भोकं आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्या. दोन्हींचा मध्य केसाइतका सुद्धा इकडं तिकडं झाला, तर गाडी थरथरून स्वतःलाच मोडून टाकील. हे काम लेथवर बसलेला टर्नर करतो. ज्याचा भाग मिळत नाही, तो भाग तो घडवतो. पॅकिंग हातानं कापतात. ब्रेक रशियन लाडा गाडीचे, स्टेअरिंगमधला एखादा सांधा तिसऱ्याच गाडीचा. फारच अडचणीच्या काळात शाम्पू वगैरे मिसळून ब्रेकचं तेल बनवल्याच्या गोष्टीही सांगतात. (हा प्रयोग घरी करायचा नाही! बाबांच्या मोटारसायकलवर तर मुळीच नाही.)

क्युबातल्या लोकांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो, 'रेसोल्वेर'. म्हणजे सोडवणे. आपण गणित सोडवतो ना, तसं. साबण नाही? सोडव. बेअरिंग नाही? सोडव. आपल्याकडे याला 'जुगाड' म्हणतात, पण मला तो शब्द इथं थोडा हलका वाटतो. जुगाड म्हणजे आजचा दिवस निभावला. पोलादाची तबकडी केसाच्या मापात कातणारा माणूस फक्त आजचा दिवस निभावत नसतो.

आता एक कोडं. इंजिन जपानी, ब्रेक रशियन, निम्मा पत्रा नवा, रंग पंधराव्यांदा दिलेला. मग ही १९५४ ची शेव्हरोले कसली? वर्गात यावर वाद घालून बघा, तास पुरणार नाही. मला आमच्या घरची गोधडी आठवते. आजीनं शिवलेली. दरवर्षी कुठंतरी विरते, मग आई त्यावर नवं ठिगळ लावते. आजीच्या लुगड्याचा आता त्यात हातभर तुकडा सुद्धा उरला नसेल. पण घरात कुणी विचारलं की ती कुणाची गोधडी, तर उत्तर एकच, आजीची.

अर्थात सगळ्याच गाड्या अशा ठिगळांच्या नाहीत. काही थोड्या मालकांनी मूळ इंजिन, मूळ घड्याळ, बॉनेटवरची मूर्ती सुद्धा जपली आहे. आणि कॅपिटोलिओजवळच्या मोठ्या बागेपाशी परदेशी पाहुण्यांसाठी जी रांग उभी असते, ती तर बघतच राहावी. गुलाबी, पोपटी, जांभळ्या, पिवळ्याधमक, उघड्या टपाच्या गाड्या! पोस्टकार्डांवर असतात त्या याच. यातल्या कितीतरी गाड्यांना मुळात टप होता, पाहुण्यांना उघडी गाडी आवडते म्हणून तो नंतर कापून टाकलाय. तुम्हाला कदाचित त्याच जास्त आवडतील. मला विचाराल तर माझं मत त्या निळ्या, खडखडणाऱ्या बदामाला. कारण गुलाबी गाडी फोटोसाठी निघते. निळी गाडी दवाखान्यात निघालेल्या आजीला, बाजारातून परतणाऱ्या काकांना, कॉलेजात उशीर झालेल्या ताईला घेऊन निघते.

आणि तिचा चालक कोण असेल, काही सांगता येत नाही. इंजिनिअर असेल, डॉक्टर असेल, माझ्यासारखा शिक्षक सुद्धा असेल. थट्टा नाही. क्युबात बहुतेक नोकऱ्या सरकारी आणि पगार अगदी तुटपुंजे, म्हणून अनेक शिकलेली माणसं टॅक्सी चालवायला लागली. वर्गात महिनाभर शिकवून मिळतं, त्यापेक्षा जास्त थोड्या दिवसांच्या फेऱ्यांत मिळतं. हे वाचताना मला बरं वाटलं नाही. गाडीवर प्रेम आहे, ते खरंच आहे. पण गाडी थांबली तर घरातली चूल थांबेल, हेही खरं आहे. ज्या वस्तूवर घर चालतं, तिच्यावर प्रेम करायला कुणाला शिकवावं लागत नाही. आपल्याकडे बैलपोळ्याला बैलांना न्हाऊ-माखू घालतात, तेव्हा त्यात लाड किती आणि उपकाराची जाण किती, हे कुणी वेगळं काढून दाखवावं.

"नवी गाडी का नाही घेत मग?" असं तुमच्या मनात आलं असेल. आधी कायदाच आडवा होता. २०११ पर्यंत क्युबात सामान्य माणसाला मोकळेपणानं खरेदी-विक्री करता यायची ती फक्त क्रांतीच्या आधीच्या गाड्यांची. म्हणजे म्हाताऱ्या गाड्यांनाच बाजार होता. जानेवारी २०१४ पासून सरकारी दुकानात नव्या गाड्या परवान्याशिवाय मिळू लागल्या. लोक धावत बघायला गेले आणि किमतीच्या पाट्या वाचून तसेच परतले. प्युजो ५०८ या गाडीची किंमत होती सुमारे २ लाख ६२ हजार डॉलर. त्या वेळी सरकारी नोकराचा पगार महिन्याला वीस डॉलरच्या आसपास होता. घ्या पाटी-पेन्सिल. दोन लाख बासष्ट हजार भागिले वीस. आलेले महिने भागिले बारा. किती वर्षं आली? हजाराच्या वर! तेही एक पैसा न खाता-पिता.

मधल्या काळात रशियाशी, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाशी, क्युबाची दोस्ती होती. लाडा आणि मोस्कविच गाड्या आल्या, तेल आलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही आणि हवानाचे रस्ते रिकामे झाले. चीनहून दहा लाखांहून जास्त सायकली आणाव्या लागल्या. ट्रकला जोडलेल्या, पाठीला दोन वशिंडं असलेल्या प्रचंड बसेस निघाल्या, त्यांना लोक 'उंट' म्हणायचे. त्या काळात कितीतरी आल्मेन्द्रोन पोर्चमध्ये ठोकळ्यांवर चढवून ठेवल्या गेल्या. पण भंगारात दिल्या नाहीत. तेलाचं संकट तिथं फिरून फिरून येत राहिलं आहे. १ मार्च २०२४ ला साध्या पेट्रोलचा दर लिटरला २५ पेसोंवरून एकदम १३२ पेसो झाला. चाळीस लिटरची टाकी भरायची तर त्या वेळी सरकारी नोकराचा महिन्याचा पगार संपायचा. शेअर टॅक्सीचं भाडं वर्षानुवर्षं १० पेसो होतं, ते आता जुन्या माणसांच्या आठवणीत उरलंय.

थांबा, एवढं कौतुक केलं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. या गाड्यांना आपल्या ओळखीचा पट्टा नाही, हवेची पिशवी नाही. डिझेलचा काळा धूर मागच्या सायकलवाल्याच्या नाकात जातो. "जुन्या गाड्यांचा पत्रा जाड, म्हणून त्या मजबूत," असं मोठी माणसं सांगतात ना? अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली रस्ता सुरक्षेची एक संस्था आहे. तिनं २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगानं समोरासमोर आदळवून पाहिल्या. आत माणसांऐवजी पुतळे होते. नव्या गाडीतला चालक पायाच्या दुखापतीवर निभावला असता. जुन्या गाडीतला वाचला नसता. नवी गाडी पुढच्या बाजूनं चुरगळून धक्का स्वतः पोटात घेते आणि माणसाभोवतीची जागा शाबूत ठेवते. जुनीच्या बाबतीत समोरचं सगळं आत येतं. हवानाच्या नावाड्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. त्यांच्यापुढे निवडीला दुसरी गाडी नाही, एवढंच.

आली बघा आपली उतरायची जागा, वेदादो भागातलं कोपेलिया. १९६६ साली सुरू झालेलं आइस्क्रीमचं भलं मोठं बागेतलं दुकान. रांग नेहमीच लांबलचक. उभे राहा रांगेत, आणि रांगेत उभ्या उभ्या मुंबईची एक गोष्ट ऐका.

हवानात धावणाऱ्या डॉज आणि प्लिमथ आहेत ना, त्या नावांच्या गाड्या एके काळी आपल्या कुर्ल्यात जोडल्या जायच्या! सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेतून आलेले भाग जोडून या गाड्या तयार होऊ लागल्या. त्याच्याही आधी, १९२८ मध्ये, शिवडीला जनरल मोटर्सनं कारखाना काढला होता, तिथं शेव्हरोले जोडल्या जात. मुंबईत अमेरिकन गाड्यांच्या लांबरुंद टॅक्सी होत्या. पुढं सरकारनं ठरवलं, की नुसते परदेशी भाग जोडून चालणार नाही, गाडी इथंच बनवली पाहिजे. जनरल मोटर्स १९५४ मध्ये शिवडीहून गेली. कुर्ल्यात फियाट बनू लागली, तीच पुढं प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईभर धावली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली आणि ती रस्त्यावरून गेली. हवानातल्या निळ्या शेव्हरोलेसमोर ती अगदीच कुकुलं बाळ होती.

म्हणून एक काम सांगते. घरात किंवा शेजारी कुणी आजोबा टॅक्सी, ट्रक किंवा अॅम्बॅसिडर चालवलेले असतील, तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. जुन्या पद्मिनीचा किंवा अॅम्बॅसिडरचा गिअर कुठं असायचा, पहिला कसा पडायचा, एवढंच विचारा. आणि सांगताना त्यांचा डावा हात आपोआप हवेत वर-खाली, पुढं-मागं होतो का, ते नीट बघा.